फ्रीझरच्या तळाशी सापडलेली मासळी : वाचकांचे प्रश्न आणि उत्तरे

प्रश्न : फ्रीझर साफ करताना तळाशी मासळीच्या दोन पिशव्या सापडल्या. एकीवर चौदा महिन्यांपूर्वीची तारीख आहे आणि आत पांढऱ्या मांसाच्या माशाच्या तुकड्या आहेत. दुसरीवर काहीच लिहिलेले नाही. आत अख्खे बांगडे दिसतात. घरात दोन तट पडले आहेत. बर्फात काहीच नासत नाही, तेव्हा दोन्ही खाव्यात, असे एका बाजूचे म्हणणे आहे. वर्ष उलटले की फेकून द्यावे, असे दुसऱ्या बाजूचे. कोणाचे खरे मानायचे?

उत्तर : आपल्या घरातील वाद एका प्रश्नावर चाललेला दिसत असला, तरी मुळात प्रश्न दोन आहेत. ही मासळी खाऊन कोणी आजारी पडेल का, हा पहिला. आणि ती खावीशी वाटेल अशी उरली आहे का, हा दुसरा. पहिल्याचे उत्तर तापमानावर अवलंबून असते, दुसऱ्याचे काळावर. हे दोन्ही प्रश्न एकत्र केल्यामुळेच एका घरात उत्तम मासळी फेकली जाते आणि दुसऱ्या घरात खवट मासळी काटकसरीच्या नावाखाली ताटात येते.

प्रथम आरोग्याचे पाहू. अन्न नासवणाऱ्या आणि आजार निर्माण करणाऱ्या जिवाणूंची वाढ साधारणपणे उणे १० अंश सेल्सियसच्या खाली थांबते. घरगुती फ्रीझरसाठी ठरवलेले उणे १८ अंश हे तापमान त्याहून बरेच खाली आहे. या तापमानाला सलग राहिलेले अन्न कितीही काळ सुरक्षित राहते, असे अमेरिकेचे कृषी खाते आणि तेथील अन्न व औषध प्रशासन हे दोघेही स्पष्टपणे सांगतात. त्यांच्या तक्त्यांत गोठवलेल्या पदार्थांसमोर जे महिने छापलेले असतात, ते केवळ चव आणि पोत यांच्यासाठी असतात. म्हणजे चौदा महिन्यांची तुकडी केवळ चौदा महिने झाले म्हणून अपायकारक ठरत नाही. आपल्याकडील पहिल्या बाजूचे म्हणणे इथपर्यंत बरोबर आहे.

मात्र या विधानात ‘सलग’ हा शब्द महत्त्वाचा आहे, आणि त्याहूनही महत्त्वाची आहे ती गोठवण्यापूर्वीची अवस्था. थंडीने जिवाणू मरत नाहीत, ते केवळ थांबतात. जी मासळी फ्रीझरमध्ये जाण्याआधी अर्धा दिवस उबेत पडून होती, ती बाहेर येईल तेव्हाही तशीच असेल, आणि बर्फ वितळू लागताच थांबलेले काम जेथे थांबले होते तेथून पुढे सुरू होईल. म्हणून पिशवीवरील तारखेपेक्षा ती मासळी किती ताजी असताना आत गेली आणि मधल्या काळात फ्रीझर कधी बंद पडला होता का, या दोन गोष्टी आठवून पाहणे अधिक उपयोगाचे आहे.

आता चवीचे. माशाच्या मांसात साधारण ६० ते ८० टक्के पाणी असते आणि ते उणे १ ते उणे २ अंशांच्या दरम्यान गोठू लागते. उणे ५ अंशांपर्यंत त्यातील सुमारे तीन चतुर्थांश पाण्याचा बर्फ झालेला असतो. मासा हा टप्पा जितक्या सावकाश ओलांडतो, तितके बर्फाचे स्फटिक मोठे होतात आणि स्नायूंच्या तंतूंना इजा करतात. वितळताना ताटलीत जे गढूळ पाणी साचते, ते याच इजेमुळे सुटलेले असते. परंतु गोष्ट येथे संपत नाही. उणे १८ अंशांवरही थोडे पाणी द्रवरूपच राहते, त्यात क्षार दाटून येतात, आणि त्या दाट द्रावणात माशातील प्रथिने हळूहळू आपली मूळ रचना सोडतात व पाणी धरून ठेवण्याची ताकद गमावतात. कॉड, हेक आणि त्यांच्या कुळातील माशांत याशिवाय आणखी एक प्रक्रिया चालते. त्यांच्या स्नायूंतील ट्रायमिथाइलअमाइन ऑक्साइड या पदार्थाचे एका विकराच्या (एन्झाइमच्या) मदतीने विघटन होते आणि त्यातून अल्प प्रमाणात फॉर्माल्डिहाइड तयार होते. ते प्रथिनांच्या साखळ्या एकमेकींना जखडते, आणि शिजवल्यावर मासा मऊ पाकळ्यांत सुटण्याऐवजी चिवट, कापसाचा बोळा चावल्यासारखा लागतो. फ्रीझर उणे १८ पेक्षा उबदार असेल, तर हे सारे बऱ्याच वेगाने घडते.

आपल्या पहिल्या पिशवीचा निकाल यावरून लावता येतो. कमी चरबीच्या, पांढऱ्या मांसाच्या माशासाठी उत्तम चवीची मर्यादा साधारण ६ ते ८ महिने धरली जाते. चौदा महिन्यांनी तो कोरडा आणि थोडा चिवट झालेला असण्याची शक्यता बरीच आहे. तो अपायकारक झाला असेल, असे मानण्याला मात्र आधार नाही. फ्रीजमध्ये वितळवून वास घ्या. वास स्वच्छ असेल, तर रसात किंवा वाफेवर शिजवा, नुसता भाजू नका. गेलेला ओलावा भाजण्याने आणखी उघडा पडतो.

दुसऱ्या पिशवीबद्दल माझे मत अधिक कडक आहे. बांगडा हा तेलकट मासा, त्याची चांगल्या चवीची मुदत जेमतेम २ ते ३ महिने, आणि येथे तर तारीखच माहीत नाही. शिवाय मासे अख्खे आहेत. ते पोट साफ न करता गोठवले असतील, तर आतड्यांतील पाचक विकर गोठण्यापूर्वी आणि वितळताना पोटाचा पातळ पडदा खाऊन टाकतात. एक मासा वितळवून पाहा. पोटाची कड फाटून बरगड्या बाहेर आल्या असतील, कातडीखालची चरबी पिवळसर किंवा तपकिरी दिसत असेल, वास जुन्या तेलासारखा येत असेल, तर सगळी पिशवी टाकून द्यावी. आणि ती केव्हा व कशी आत गेली हे घरात कोणालाच आठवत नसेल, तर वास बरा असला तरी मी ती खाणार नाही; त्याचे कारण याच स्तंभातील तिसऱ्या उत्तरात आले आहे.

प्रश्न : तेलकट मासाच फ्रीझरमध्ये आधी का बिघडतो? एरवी तर चरबी, तूप, तेल हे पदार्थ टिकाऊ मानले जातात.

उत्तर : सगळी चरबी सारखी नसते. बांगडा, तारली, हेरिंग, सामन यांच्या तेलात अतिअसंपृक्त मेदाम्ले भरपूर असतात. ज्या ओमेगा-३ साठी या माशांची शिफारस केली जाते, ती याच वर्गातील. थंड पाण्यातही प्रवाही राहणारे हे तेल माशाच्या सोयीचे असले, तरी त्याच्या रेणूंतील दुहेरी बंधांवर हवेतील ऑक्सिजन सहज हल्ला करतो. या रासायनिक क्रियेला जिवाणूंची गरज लागत नाही, त्यामुळे जिवाणू थांबले तरी ती थांबत नाही. थंडीने तिचा वेग कमी होतो, एवढेच. बांगडा किंवा ट्यूना यांच्या कातडीखाली मध्यरेषेने जाणारा जो गडद पट्टा असतो, त्यात चरबीही अधिक असते आणि लोहयुक्त रंगद्रव्यही. हे लोह खवटपणाला गती देते. म्हणूनच अशा माशाची चव प्रथम त्या पट्ट्यात बिघडते, आणि पुष्कळदा तो पट्टा कापून काढल्यावर उरलेली तुकडी खाण्याजोगी निघते.

यावरून उपाय उघड आहे : हवा दूर ठेवा. निर्वात पिशवीतील सामन आणि सैल पिशवीत कोंबलेला सामन यांच्यात महिन्यांचा फरक पडतो. खवट झालेला एखादा घास पोटात गेल्याने विषबाधा होत नाही. पण ज्या पौष्टिक तेलासाठी मासा खायचा, तेच बिघडलेले असताना तो संपवण्याचा अट्टहास कशासाठी?

प्रश्न : गोठवलेला ट्यूना नीट शिजवून खाल्ला, तरी अर्ध्या तासात चेहरा लाल झाला, डोके ठणकू लागले आणि अंगाला खाज सुटली. वास चांगला होता, इतर मासे मला चालतात, आणि हाच मासा पूर्वी अनेकदा खाल्ला आहे. एवढे शिजवल्यावर काय उरले असेल?

उत्तर : निदान डॉक्टरांनीच करायचे असते, परंतु आपण वर्णन केलेली लक्षणे हिस्टामाइनच्या विषबाधेशी इतकी जुळतात, की तिच्याविषयी सविस्तर लिहिणे योग्य वाटते.

ट्यूना, बांगडा, तारली अशा माशांच्या स्नायूंत हिस्टिडीन नावाचे अमिनो आम्ल मुक्त स्वरूपात मोठ्या प्रमाणात असते. मासा मेल्यानंतर त्याला पुरेशी थंडी मिळाली नाही, तर काही जिवाणू एका विकराच्या साहाय्याने या हिस्टिडीनचे हिस्टामाइन करतात. आपल्या शरीरात ॲलर्जीच्या वेळी जो पदार्थ सुटतो तोच हा. फरक इतकाच की येथे तो बाहेरून, तयार स्वरूपात येतो. त्यामुळे लक्षणे ॲलर्जीसारखी दिसतात, पण ज्याला माशाची ॲलर्जी नाही अशा कोणालाही ती होऊ शकतात.

गोठवलेल्या मासळीच्या संदर्भात ध्यानात घ्यायची गोष्ट अशी, की एकदा तयार झालेले हिस्टामाइन उष्णतेने नाहीसे होत नाही आणि थंडीनेही नाही. उकळा, तळा, डबाबंद करा, वर्षभर गोठवून ठेवा, ते तेथेच राहते. इतकेच काय, ते तयार करणारा विकरही गोठलेल्या अवस्थेत टिकून राहतो आणि मासा वितळून उबेत पडला की पुन्हा कामाला लागतो. वास आणि रंग यांवरून ते ओळखता येईल याची खात्री नसते. काहींना खाताना जिभेवर मिऱ्यासारखी तिखट चुणचुण जाणवते, आणि अशी चुणचुण जाणवली तर ताट बाजूला सारणे शहाणपणाचे. पण ती जाणवली नाही म्हणजे मासा निर्दोष, असा उलट निष्कर्ष काढता येत नाही.

आपल्या बाबतीत दोष फ्रीझरमधील काळाचा नसून, मासा गोठवण्यापूर्वी किंवा वितळवताना उबेत राहिला असावा, असा माझा तर्क आहे. ही लक्षणे बहुधा काही तासांत, फार तर एक-दोन दिवसांत, ओसरतात. श्वास घेण्यास त्रास होणे, ओठ किंवा जीभ सुजणे, भोवळ येणे यांपैकी काही झाले, तर मात्र थांबू नये, तातडीने रुग्णालय गाठावे. आणि डॉक्टरांना कोणता मासा, किती वाजता खाल्ला, हे आवर्जून सांगावे. नाही तर ‘माशाची ॲलर्जी’ असा शिक्का बसतो आणि माणूस विनाकारण आयुष्यभर मासे सोडून देतो.

प्रश्न : तुकड्यांवर पांढरे, कोरडे डाग पडले आहेत आणि पिशवीत बर्फाचा चुरा साचला आहे. बुरशी असेल का?

उत्तर : नाही. उणे १८ अंशांवर बुरशी वाढत नाही. माशाच्या पृष्ठभागावरील बर्फ पाणी न होता थेट वाफ होऊन उडतो आणि तीच वाफ पिशवीच्या आतील बाजूस पुन्हा गोठते; आपल्याला दिसणारा चुरा म्हणजे माशातूनच निघालेले पाणी. डाग पडलेला भाग भुसभुशीत होतो, त्यात हवा शिरते आणि खवटपणाही तेथूनच सुरू होतो. डाग लहान असतील, तर तेवढा भाग कापून बाकीचा वापरावा. चुरा मात्र फार असेल, तर त्यावरून फ्रीझरच्या वागणुकीचा अंदाज येतो : तापमान वारंवार वरखाली होत आहे. ज्या फ्रीझरमध्ये बर्फ साचत नाही, त्यात तो वितळवण्यासाठी ठरावीक वेळाने उष्णता दिली जाते आणि कोरडी हवा फिरती ठेवली जाते. ही सोय मालकाला बरी, उघड्या पडलेल्या मासळीला वाईट.

प्रश्न : वीज बराच काळ गेली होती. फ्रीझरमधील मासळी ठेवावी की टाकावी?

उत्तर : दार उघडले नसेल, तर गच्च भरलेला फ्रीझर सुमारे ४८ तास आणि अर्धा भरलेला सुमारे २४ तास थंडी धरून ठेवतो. वीज आल्यावर प्रत्येक पिशवी हाताने दाबून पाहा. आत अजून बर्फाचे कण लागत असतील, किंवा तापमापकावर मासळी ४ अंशांच्या आत असेल, तर ती पुन्हा गोठवण्यास हरकत नाही. चव थोडी उतरेल. ४ अंशांच्या वर दोन तासांहून अधिक काळ राहिलेली मासळी टाकून द्यावी, तिचा वास कितीही चांगला असो.

घरी नसताना वीज गेली होती का, हे समजण्याची एक युक्ती सांगण्यासारखी आहे. वाटीत पाणी गोठवून त्यावर एक नाणे ठेवावे आणि वाटी फ्रीझरमध्ये राहू द्यावी. परत आल्यावर नाणे वरच असेल तर काळजी नाही. ते तळाशी जाऊन गोठलेले दिसले, तर मधल्या काळात सारा बर्फ वितळून पुन्हा गोठला आहे, आणि घट्ट दिसणाऱ्या मासळीवर विश्वास ठेवण्यात अर्थ नाही.

प्रश्न : मासळी वितळवण्याची योग्य रीत कोणती? ओट्यावर ठेवून दिली तर काय बिघडते? आणि उरलेली पुन्हा गोठवता येते का?

उत्तर : ओट्यावर ठेवलेल्या तुकडीचा गाभा दगडासारखा असतो, तेव्हाच तिची बाहेरची बाजू खोलीच्या तापमानाला आलेली असते, आणि जिवाणूंना वाढायला ती बाहेरची बाजू पुरेशी असते. आदल्या रात्री फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, खोलगट ताटलीत ठेवणे ही सर्वांत चांगली रीत. घाई असेल, तर पाणी शिरणार नाही अशा पिशवीत घालून थंड पाण्यात बुडवावी आणि दर अर्ध्या तासाने पाणी बदलावे. अर्धा किलोला साधारण एक तास लागतो. मायक्रोवेव्हमध्ये वितळवली, तर लगेच शिजवलीच पाहिजे, कारण तिच्या कडा अर्धवट गरम झालेल्या असतात. पातळ तुकड्या न वितळवताही शिजवता येतात, वेळ थोडा अधिक द्यावा लागतो.

निर्वात पिशवीतील मासळीविषयी एक इशारा पुष्कळांना ठाऊक नसतो. वितळवायला ठेवण्यापूर्वी ती पिशवी उघडावी किंवा तिला छेद द्यावा. बोट्युलिझम हा गंभीर आजार घडवणाऱ्या जिवाणूचा माशांत आढळणारा एक प्रकार सुमारे ३ अंशांवरही वाढू शकतो आणि त्याला प्राणवायू नसलेली जागाच मानवते. गोठलेल्या अवस्थेत निर्वात पिशवी उत्तम असते. फ्रीजमध्ये वितळत असताना तीच धोक्याची ठरू शकते.

पुन्हा गोठवण्याविषयी : मासळी फ्रीजमध्येच वितळवली असेल आणि तेथून बाहेर राहिली नसेल, तर पुन्हा गोठवणे सुरक्षित आहे. दुसऱ्या खेपेला पाणी आणखी सुटते, मांस आणखी सैल पडते. थंड पाण्यात किंवा मायक्रोवेव्हमध्ये वितळवलेली मासळी आधी शिजवावी, मग हवी तर गोठवावी.

प्रश्न : कच्चा मासा खायचा असल्यास तो आधी गोठवावा, असे वाचले. थंडीने जिवाणू मरत नाहीत, तर मग गोठवून काय साधते?

उत्तर : येथे लक्ष्य जिवाणू नसून कृमी आहेत. समुद्री माशांत आढळणाऱ्या ॲनिसाकिससारख्या कृमींच्या अळ्या पुरेशा थंडीत मरतात. अमेरिकेच्या अन्न व औषध प्रशासनाच्या मार्गदर्शनानुसार उणे २० अंशांवर ७ दिवस, किंवा उणे ३५ अंशांवर घट्ट गोठवून त्याच तापमानाला १५ तास, मासा ठेवावा लागतो. घरातील फ्रीझर बहुधा उणे १८ च्या आसपास आणि दार उघडल्यावर त्याहून वर असतो, तेव्हा घरी गोठवलेला मासा कच्चा खाण्यास सुरक्षित झाला असे धरून चालू नये. शिजवून खाणाऱ्याला ही चिंता नाही. गाभा ६३ अंशांपर्यंत तापला, म्हणजे मांस अपारदर्शक होऊन काट्याने पाकळ्या सुटू लागल्या, की कृमी मेलेल्या असतात.

प्रश्न : घरी मासळी गोठवायची असेल, तर ती जास्तीत जास्त टिकावी म्हणून काय करावे?

उत्तर : आधी फ्रीझर तपासा. त्यावर असलेल्या ताऱ्यांच्या खुणेत एक तारा म्हणजे उणे ६ अंश, दोन म्हणजे उणे १२, तीन म्हणजे उणे १८, आणि चार तारे असतील तर तो ताजे अन्न गोठवण्याच्याही क्षमतेचा असतो. एक ताऱ्याच्या बर्फाच्या कप्प्यात महिनोन्महिने मासळी ठेवणे योग्य नाही. वर दिलेली सारी मुदत उणे १८ साठी आहे.

मासा आणल्या दिवशीच गोठवावा. उद्या बघू म्हणून दोन दिवस फ्रीजमध्ये राहिलेला मासा अखेर फ्रीझरमध्ये जातो, ही सर्रास दिसणारी सवय सर्वांत घातक आहे, कारण ताजेपणाचा उत्तम काळ तेथेच संपतो. पोट आणि कल्ले काढावेत, धुऊन कोरडे टिपावे, एका वेळेला लागतील एवढ्याच तुकड्या एका थरात, हवा दाबून काढून, घट्ट गुंडाळाव्यात. चपटी पिशवी लवकर गोठते. क्लॅरेन्स बर्ड्‌साय हा अमेरिकी गृहस्थ १९१२ नंतरची काही वर्षे लॅब्राडोरमध्ये राहिला असता, कडाक्याच्या थंडीत पाण्याबाहेर काढताच गोठणारे मासे महिन्यांनंतरही ताज्यासारखे लागतात, हे त्याने पाहिले आणि पुढे थंड धातूच्या पत्र्यांमध्ये चपटे खोके दाबून जलद गोठवण्याचे यंत्र बनवले. आपल्या फ्रीझरमध्ये तसा पत्रा नसतो. पण पिशव्या पहिल्या रात्री एकमेकींवर न रचता, सुट्या, थेट थंड पृष्ठभागावर ठेवल्या तरी बराच फरक पडतो.

अख्ख्या माशासाठी आणखी एक रीत आहे. तो उघडा गोठवून घ्यावा, बर्फासारख्या थंड पाण्यात क्षणभर बुडवून पुन्हा फ्रीझरमध्ये ठेवावा, आणि असे दोन-तीनदा करावे. माशावर बर्फाचे पातळ कवच चढते, आणि हवा आधी ते कवच खाते, मासा नंतर. त्यानंतर पिशवीत घालून वर माशाचे नाव आणि तारीख लिहावी. लिहिण्यासाठी पाण्याने न पुसणारी शाई वापरावी आणि ते पिशवीत मासा घालण्यापूर्वी लिहावे. ओल्या, थंड पिशवीवर कोणतीच लेखणी धड उमटत नाही.